मागचं डावं दार

१

इंजिनाशी माझं कधीच जमलं नाही. ते तापतं, तेल ओकतं आणि ऐन वेळी दगा देऊन वर आपल्यालाच शिव्या खायला लावतं. दार तसं नसतं. दार फक्त उघडतं किंवा उघडत नाही. ते का उघडत नाही हे शोधायचं आणि उघडून द्यायचं, एवढंच माझं काम. जुन्या गाड्यांची दारं, त्यांची कुलपं, काचा वर-खाली करायच्या मुठी. लोक मला दारवाला म्हणतात आणि मला ते आवडतं.

आमची शेड रस्त्याला लागून आहे. शेडच्या मागे आमचं घर, म्हणजे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. शेड आणि घर यांच्यामध्ये एक दार आणि दारापुढे काथ्याचं पायपुसणं. शेडच्या एका कोपऱ्यात माझ्या बायकोचं शिलाई मशीन असतं. ती गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवते. मी दारं आणि ती आसनं, असा आमचा संसार. गिऱ्हाईक एक काम घेऊन आलं की दोन कामं देऊन जातं.

तिचा एक नियम आहे. मशीनवर बसली की शिवण पुरी झाल्याशिवाय ती उठत नाही. फोन वाजो, दूध उतू जावो, खुद्द तिचा भाऊ दारात येऊन उभा राहो. "आले आले" म्हणेल, पण उठणार नाही. म्हणून चहा मी करतो, दार मी उघडतो, दुधाकडेही मीच बघतो. माझे मित्र यावरून मला चिडवतात. चिडवू देत. पायडलची ती टकटक चालू असली की मला घर जागेवर असल्यासारखं वाटतं.

आणि आमची एक जुनी गंमत आहे. दार दुरुस्त झालं की मी बाहेरून जातो, हँडल ओढतो, दार सताड उघडतो आणि कमरेत वाकून रिकाम्या गाडीला म्हणतो, "या साहेब, उतरा!"

त्यावर ती मान वर न करता म्हणते, "साहेबांना म्हणावं, पाय पुसून आत या."

लग्न झाल्यापासून हे असंच चाललंय. आता त्याचं हसूही येत नाही, पण ते झाल्याशिवाय काम संपल्यासारखं वाटत नाही.

२

त्या बाई सकाळी आल्या. वाचनालयातून निवृत्त झालेल्या. त्यामुळे असेल, बोलणं अगदी हळू. गाडी मात्र झोकात वळवून शेडमध्ये लावली. साय धरल्यासारख्या फिकट रंगाची जुनी, लांब गाडी होती. पत्र्याला कुठे पोचा नव्हता.

"मागचं डावं दार," बाई म्हणाल्या. "आतून उघडत नाही."

"आणि बाहेरून?"

"बाहेरून छान उघडतं. तेच तर दुखणं आहे."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "मला ते आतून उघडायला हवंय. ह्यांना स्वतःला उघडता आलं पाहिजे. गाडी नेहमी मीच चालवायचे. पोचलो की मी उतरायचे, वळसा घालून जायचे आणि ह्यांचं दार उघडायचे. हातात पिशव्या असोत, ताप असो. मी 'या' म्हटलं की हे उतरायचे. रागावले कधीच नाहीत, बरं का. हाकसुद्धा मारायचे नाहीत. नुसते बसून राहायचे, मी येईपर्यंत."

"सवय असते एकेकाची," मी म्हणालो.

"घरातही तेच. दारापाशी जाऊन उभे राहायचे. मग मी हातातलं टाकून उठायचे." त्यांनी गाडीकडे पाठ केली. "आता मी बहिणीकडे राहायला चाललेय. कायमची. तिच्या गॅलरीतून पाणी दिसतं. दोघी बसून पुस्तकं वाचणार आहोत आणि कोणाच्या पुढे-पुढे करणार नाही आहोत."

हे सांगताना त्यांचा चेहरा इतका उजळला, की मलाच बरं वाटलं.

"साहेबही येणार ना?"

"नाही. म्हणून तर. त्यांचं ते उघडून, त्यांचे ते उतरून गेले की मी सुटले. दार मी उघडायचं नाही, दुसऱ्या कोणी उघडायचं नाही. एवढं एकच सांभाळा. आत बसून काय हवं ते करा, पण बाहेरून हँडल ओढून ते दार उघडू नका."

"बरं," मी म्हणालो. जुन्या गाड्यांची माणसं थोडी चक्रम असतात. एकजण गाडीशी बोलून झाल्याशिवाय किल्ली हातात देत नाही. बाईंचं हे त्या मानाने सरळ होतं. नवरा-बायकोचं काहीतरी बिनसलंय आणि राग दारावर निघतोय, असं मी मनाशी धरलं.

बाई बसने घरी गेल्या.

३

काम सुरू करण्याआधी मी गाडीभोवती एक चक्कर मारतो. मागचं डावं चाक मला जरा दबल्यासारखं वाटलं. उजव्या बाजूला चाक आणि पत्रा यांच्यामध्ये माझा पंजा आडवा मावत होता. डावीकडे जेमतेम दोन बोटं. स्प्रिंग बसली असणार. आता जुनी गाडी म्हटलं की एखादी स्प्रिंग बसायचीच.

मग दाराचं बाहेरचं हँडल पाहिलं. त्याचं पॉलिश अंगठ्याच्या जागी पार उडालेलं. खाली बारीक खळगा पडला होता, एवढं ते वापरलेलं. मी उजव्या बाजूने आत शिरलो, सरकत डावीकडे गेलो आणि आतलं हँडल पाहिलं. ते कोरं होतं. कारखान्यातून आल्यावर त्याला कोणाचा हातच लागलेला नसावा. इतक्या वर्षांच्या गाडीत असं हँडल मी पहिल्यांदाच पाहत होतो.

डावीकडच्या सीटला मात्र खोल खड्डा पडला होता.

"अगं, ही सीट बघ जरा," मी हाक मारली. शिवण नुकतीच पुरी झाली होती म्हणून ती आली. सीट हा तिचा प्रांत. तिने गुडघा टेकून खड्ड्यात हात दाबला.

"चांगलं भरदार माणूस बसतंय इथे. रोज," ती म्हणाली. "पण स्पंज मेलेला नाही. मेलेला स्पंज असा नसतो, दाबला की तसाच राहतो. हा वर यायला बघतोय आणि येत नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे काय ते तुम्हीच सांगा. ऊब पण आहे." मग ती माझ्याकडे पाहून मिस्कील हसली आणि खड्ड्याला म्हणाली, "साहेब, जरा सरका हो पलीकडे. मला माप घेऊ द्या."

टेप लावून तिने माप घेतलं, कागदावर टिपलं आणि परत मशीनवर जाऊन बसली. मी त्या खड्ड्याकडे बघत राहिलो. तो डावीकडे होता हे नक्की. आता तो दाराला आणखी थोडा चिकटून होता, असं मला वाटलं. पण आपण नेमकं कुठे पाहिलं होतं हे कोण लक्षात ठेवतं? गाडीवर ऊन येत होतं, त्यामुळे ऊब. सगळ्याला कारण होतं.

४

दाराचं आतलं कव्हर काढलं. त्याच्या मागे फार काही नसतं. हँडलपासून कुलपापर्यंत एक लांब सळी जाते. हँडल ओढलं की सळी ओढली जाते, सळीने कुलूप सुटतं. इथे हँडलपाशी सळी धरून ठेवणारी प्लास्टिकची क्लिप वाळून तुटली होती आणि कुलपातलं ग्रीस न वापरल्यामुळे मेणासारखं गोठलं होतं. दोन्ही साधी दुखणी.

मी पक्कडीने सळी ओढून दार आतून उघडलं, कुलूप सोडवून धुतलं, नवं ग्रीस भरून परत बसवलं आणि दार आतूनच ओढून घेतलं. बाईंचा शब्द पाळत होतो. बाहेर पाऊल टाकलं नाही. जवळ लागणारी हत्यारं आधीच सीटवर मांडून घेतली होती. सीटवर म्हणजे मधल्या भागात. डावीकडच्या खड्ड्यात काही ठेवावंसं वाटलं नाही.

नवी क्लिप लावली, हँडल बसवलं आणि चार-सहा वेळा ओढून पाहिलं. एकटा काम करताना मला बोलायची खोड आहे. "हे बघा साहेब," मी म्हणालो, "दोन बोटं घालायची. अशी. आणि आपल्याकडे ओढायचं. झालं. एवढ्यासाठी बायकोला कशाला पळवायचं?"

हँडल जरा जड वाटलं म्हणून मी ते पुन्हा काढलं आणि मांडीवर घेऊन त्याची स्प्रिंग बघू लागलो. दाराच्या पोटात सळी मोकळी लोंबत होती. तिला काहीच जोडलेलं नव्हतं.

सळी हलली.

केसभर हलली आणि परत गेली. मग थोडी जास्त. मी बघत होतो. हलणं घाईचं नव्हतं. नव्याने सायकल शिकणारा जसा आधी पायडल नुसतं दाबून बघतो, तसं कोणीतरी ओढून बघत होतं आणि सोडून देत होतं. हँडल माझ्या मांडीवर होतं. त्यावर माझी दोन्ही हातांची बोटं होती.

कुलपाची स्प्रिंग नवीन ग्रीसवर बसतेय, मी स्वतःला सांगितलं. बसते कधीकधी. शेडमध्ये शिलाई मशीन चालू होतं, जमीन थोडी हादरते. मी हँडल पटकन बसवून टाकलं आणि उजव्या दाराने बाहेर आलो.

तरी मनाला चैन पडेना. मी बाईंना फोन लावला. "काम होत आलं," म्हणालो. "साहेबांना एकदा घेऊन या. हँडल त्यांच्या हाताला जड जातंय का बघून घेऊ."



"ते तुमच्याकडेच आहेत की," त्या म्हणाल्या. "मी एकटीच आले परत."

"नाही, म्हणजे... गाडी आणलीत तेव्हा तुम्ही एकट्याच होतात."

"हो का," बाई समजूतदारपणे म्हणाल्या. "संध्याकाळी येते मी. तोवर दाखवा त्यांना पुन्हा एकदा. शिकतील. वेळ लागतो त्यांना, पण शिकतील."

बायकोला सांगितलं तर ती दोरा दातात धरून हसली. "वय झालं त्यांचं. बोलताना होतं असं. तुम्ही पण ना, ऐकून घ्यायचं आणि सोडून द्यायचं."

मी सोडून दिलं. मला सोडून देता येतं. माझ्या सुखाचं अर्धं कारण तेच आहे.

५

दुपार टळली होती. कव्हर बसलं, स्क्रू घट्ट झाले. आत बसून मी हँडल शेवटचं ओढलं. दार अलगद सुटलं, मी ते परत लावून घेतलं. छान काम झालं होतं. समाधान वाटलं. उजव्या दाराने उतरलो, फडक्याला हात पुसले, फडकं खांद्यावर टाकलं आणि गाडीला वळसा घातला.

यापुढचं मी केलं असं म्हणायलाही माझी जीभ रेटत नाही. माझ्या हाताने केलं. हाताला गेली कित्येक वर्षं तेच ठाऊक होतं. बाहेरचं हँडल ओढलं, अंगठा त्या खळग्यात बरोबर बसला, दार सताड उघडलं आणि मी कमरेत वाकलो.

"या साहेब, उतरा!"

कोपऱ्यातून, मशीनच्या टकटकीवरून, लगेच उत्तर आलं. "साहेबांना म्हणावं, पाय पुसून आत या."

गाडी वर उचलली गेली.

फार नाही. एखादं जड माणूस उतरल्यावर जेवढी उचलली जाते तेवढीच. मागच्या चाकावरचा पत्रा वर आला आणि स्प्रिंगने एकदा कुरकुर केली. मी वाकलेलाच होतो. माझ्या चेहऱ्यापुढून कोणी गेलं असं मी म्हणणार नाही. मला काही दिसलं नाही. फक्त बंद कपाटातल्या कोटाला येतो तसा वास आला आणि गेला.

मग मागून आवाज आला. पायपुसण्यावर खरखर. एक पाय. थोडं थांबून दुसरा.

आणि मग काहीच नाही. घराचं दार बंद होतं. त्यापुढे कोणीतरी उभं असावं इतकी ती शांतता भरलेली होती.

मशीन थांबलं.

मी वळून पाहिलं. माझी बायको उठली होती. सुई कापडात रुतलेली, शिवण अर्धी. ती पायपुसण्यापाशी गेली, दार उघडलं आणि कडेला होऊन, दार धरून उभी राहिली. एक माणूस आत जायला लागतो तेवढा वेळ. मग तिने दार लावलं आणि परत येऊन बसली.

"कोण होतं?" मी विचारलं.

"कुठे कोण?" ती म्हणाली. पायाखाली पायडल आलं. "अहो, दार लावून घ्या ना गाडीचं. काचेवरून ऊन येतंय डोळ्यांवर."

६

बाई संध्याकाळी आल्या त्या सरळ मागच्या चाकाकडे. खाली वाकून त्यांनी चाक आणि पत्रा यांच्यामध्ये पंजा घातला. आडवा मावला. त्या तशाच वाकून राहिल्या आणि त्यांच्या पाठीवरून मला कळलं की त्या रडताहेत.

"गेले," त्या म्हणाल्या. "आतून उघडलं त्यांनी?"

खोटं बोलता आलं असतं. पण त्यांच्या डोळ्यांत इतका आनंद होता की मला ते जमलं नाही. "बाई, सगळं तुम्ही सांगितलं तसंच केलं. फक्त शेवटी... हाताची सवय. बाहेरून उघडलं."

"आणि काही म्हणालात?"

"या म्हणालो."

बाईंनी डोळे पुसले. माझ्याकडे बघितलं नाही. त्यांची नजर शेडमधून फिरत कोपऱ्यातल्या मशीनवर गेली. माझी बायको मान खाली घालून शिवत होती.

"तुमच्या घरात दारं किती?" त्यांनी विचारलं.

मी मनात मोजू लागलो.

"त्या उठतात का लगेच? हाक मारली की?"

"ती? मशीन चालू असताना? छे. मी मेलो तरी शिवण पुरी करूनच उठेल."

"हसू नका," बाई म्हणाल्या. "मीही पुस्तकातून डोकं वर काढायचे नाही. लग्नाआधी." मग त्यांनी पहिल्यांदाच माझ्या हातावर हात ठेवला. "हे वाईट नाहीत हो. कोणाला दुखवणार नाहीत. तीन वर्षं झाली ह्यांना जाऊन, एकदाही घाबरवलं नाही मला. ते फक्त वाट बघतात. ती वाट बघणंच तेवढं भारी असतं. शिकवत राहा. ते शिकत होते, मला कळत होतं. आणि तुमच्या बायकोला मात्र उठू देऊ नका."

गाडी रस्त्याला लागताना त्यांनी हॉर्न वाजवला. दोनदा, पोरासारखा. त्या सुटल्या याचा मला आनंदच झाला, हे मला इथे सांगितलं पाहिजे.

७

पुढचे काही दिवस मी माझ्या बुद्धीला काम दिलं. दार वाऱ्याने कुरकुरतं. बायको पाय मोकळे करायला उठते. बाई चक्रम. हे सगळं खरं असू शकत होतं.

पण ती उठत होती. भाजी चिरता चिरता विळी बाजूला सारून उठायची, आतल्या खोलीचं दार उघडायची, धरून उभी राहायची, लावायची. केस विंचरताना उठायची. सगळ्यात वाईट म्हणजे शिवण अर्धी टाकून उठायची. विचारलं की म्हणायची, "कुठे उठले?" आणि वर रात्री माझ्याकडूनच पाठ चोळून घ्यायची. "आज काय झालंय कोण जाणे, सारखी ऊठबस केल्यासारखी पाठ भरून आलीये."

एक मोटारवाला त्याचं कव्हर घेऊन परत आला. शिवण मध्येच तुटून पुढे सुरू झालेली. तिच्या हातचं असं काम कधीच परत आलं नव्हतं. त्या तुटलेल्या शिवणीवरून तिने बोट फिरवलं, मग ती हळू आवाजात म्हणाली, "डोळे गेले की काय माझे?"

मला तेव्हा संताप आला. भीती होतीच, पण संताप जास्त. माझ्या घरात जिने उठायचं नाही तिला कोणीतरी उठवत होतं, तेही न बोलता. मला दुसरं काही नको होतं. ती बसलेली हवी होती.

मी दारवाला आहे. हत्यारं घेतली आणि घरातली सगळी दारं बिजागऱ्यांतून काढली. शेडमधलं, खोल्यांचं, स्वयंपाकघराचं. कपाटाचीही. न्हाणीघराला जाड पडदा शिवायला सांगितला.

"वेड लागलंय का तुम्हाला?" ती म्हणाली.

"हवा खेळती राहते," मी म्हणालो.

आणि खरंच राहिली. शेडमधून थेट मागच्या अंगणातलं झाड दिसू लागलं. मशीनवर बसल्या बसल्या ती स्वयंपाकघरातल्या माझ्याशी गप्पा मारू लागली. चहात साखर किती हे तिथूनच ओरडून सांगू लागली. शेजारी थट्टा करत, दारवाल्याच्या घरी दारच नाही म्हणून. रस्त्याच्या बाजूला शटर होतं, ते मी सकाळी स्वतः वर करायचो आणि रात्री स्वतः खाली ओढायचो. ती उठायची थांबली. शिवणी सरळ झाल्या. पायपुसण्यावर कधी खरखर ऐकू आली तर मी म्हणायचो, "उघडंच आहे साहेब." इतकं सुखाचं घर मला आठवत नाही, दारं होती तेव्हाचंही नाही.

माझी स्वतःची जुनी छोटी गाडी आहे. एका सकाळी तिचं मागचं डावं चाक दबलेलं दिसलं. तिच्या मागच्या डाव्या दाराला मी नवी क्लिप लावली, कुलपात ताजं ग्रीस भरलं, आतलं हँडल इतकं हलकं केलं की करंगळीने ओढता यावं. मग रिकाम्या सीटशेजारी बसून दाखवलं. दोन बोटं घालायची. आपल्याकडे ओढायचं. सवडीने, रोज थोडं. आपण कुणाला काही शिकवतोय याचंही एक समाधान असतं.

८

रेक्झिन संपलं म्हणून एका सकाळी आम्ही दोघं बाजारात निघालो. ती माझ्या शेजारी पुढे बसली. ऊन छान पडलं होतं. वाटेत तिने मला नव्या कव्हरांचे रंग सांगितले आणि माझ्या शर्टाला नावं ठेवली. गाडी वळणावर डावीकडे जास्त झुकत होती, ते मी तिला बोललो नाही.

दुकानापुढे गाडी लावली. मी किल्ली काढेपर्यंत ती उतरली होती. दुकानाकडे न जाता ती मागे वळली, दोन पावलं टाकून मागच्या डाव्या दारापाशी पोचली आणि तिने हात पुढे केला.

मी धावलो. हँडलला बोटं लागायच्या आत तिचा हात धरला.

"थांब."

"अहो, हे काय?" ती भानावर आल्यासारखी म्हणाली. "भर बाजारात हात कसला धरताय? लोक बघताहेत."

"बघू देत. त्यांचं ते उघडतील."

"कोण?"

मी काचेकडे बोट दाखवलं. आतून काचेवर वाफ धरली होती. बसलेल्या माणसाचा चेहरा येईल त्या उंचीवर, तळहाताएवढी. ती विरायची आणि पुन्हा धरायची. बायको माझ्या बाजूला सरकली. वाफेचा डाग काचेवरून तिच्या दिशेने सरकला.

तिने माझा हात घट्ट आवळला. आता तिलाही दिसत होतं, आणि मला त्याचं वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं की मी एकटा नाही.

"दोन बोटं, साहेब," मी म्हणालो. "आपल्याकडे."

आतलं हँडल हललं. अर्ध्यावर आलं आणि सुटलं. पुन्हा आलं. मग सावकाश, शेवटपर्यंत. कुलूप खट् झालं आणि दार बोटभर उघडलं.

मला इतका आनंद झाला की काय सांगू. जमलं! ज्या गोष्टीला बाईंचं आख्खं आयुष्य पुरलं नाही ती झाली होती. आता फक्त ढकलायचं आणि जिकडे जायचं तिकडे निघून जायचं. "शाबास," मी म्हणालो. "या—" आणि तिथेच जीभ चावली.

दार बोटभर उघडं होतं. कोणी ढकललं नाही. चाक दबलेलंच होतं. काचेवरची वाफ धरत होती आणि विरत होती, तिच्याकडे तोंड करून. घाई नव्हती. राग नव्हता.

मी बायकोकडे पाहिलं. तिने ओठ मिटून घेतले होते, इतके की पांढरे पडले होते. डोळ्यांत पाणी होतं. तिच्या जिभेवरही तेच 'या' आलंय हे मला कळलं आणि ती ते किती जोराने मागे ढकलतेय तेही कळलं. मी माझा मोकळा हात तिच्या तोंडावर ठेवला. भर बाजारात, भर उन्हात. रस्त्यावरून दोन बायका हसत निघून गेल्या.

"नको," मी म्हणालो. "तू काही बोलू नकोस. आपण नुसतं उभं राहू."

तिने मान हलवली. आम्ही उभे राहिलो. तिचा श्वास माझ्या तळहाताला गरम लागत होता. बराच वेळ तसाच लागत राहिला. मग माझ्या तळहातावर तिचे ओठ एकदाच हलले, आवाज न करता.

गाडी हळूच वर उचलली गेली.